गुरुवारी रेती गिळणारी धरणीमाय

“गिळली! मायनं पुन्हा रेती गिळली!”

शुक्रवारी सकाळी सोन्याच्या खाणीवर एकच गलका उडाला. बुधवारी सोनं धुवायच्या लाकडी पन्हळीखाली धुतलेल्या रेतीचा पुरुषभर उंच ढीग होता, तिथं आता सपाट जमीन. गुरुवार धरणीचा. त्या दिवशी असांते मुलखात कुणी कुदळ उचलत नाही, खाणीकडे फिरकतही नाही. मग नेणार कोण?

“माय जेवली, पण पोट भरलं नाही!” पुजारी बेदियाको डोळे गरगरा फिरवत घुमला. “मेंढा आणा! दारूही आणा, पण परदेशी. देशी तिला बाधते.”

खाणीची मालकीण सेरवा वाकून ती सपाट जमीन न्याहाळत होती. सोनं इतकं कमी निघत होतं, की पंपाच्या डिझेलचाही खर्च सुटेना. या महिन्यात खाण विकावी लागणार होती. शेजारी तिचा मामा अम्पोन्सा मान खाली घालून उभा होता. यंत्रांतला जाणकार माणूस; पोरक्या सेरवाला त्यानंच वाढवलेलं.

“मायच्या ताटातला एक घास मी बुधवारीच काढून ठेवलाय,” म्हणत सेरवानं त्याच ढिगातल्या रेतीचं एक पोतं ओढून आणलं. पन्हळीच्या खालच्या टोकाला दोन विटा सरकवून तिनं उतार कमी केला, पाणी हळू सोडलं आणि तीच रेती पुन्हा धुतली. मग पन्हळीतलं जाड कापड परातीत झटकलं. तळाशी पिवळीधमक रेघ चमकली.

“अगं बाई! हे सोनं आम्ही फेकत होतो?” एक म्हातारी मजूर ओरडली.

“उतार जास्त, पाणी सुसाट. सोनं कापडावर टिकतच नव्हतं, वाहून रेतीत जात होतं. आणि ही जमीन बघा, झाडूचे फराटे.”

“देवी झाडलोटही करते होय?” म्हातारी फिस्सकन हसली.

फराटे रस्त्याजवळ संपले. पुढं चिखलात ट्रकच्या चाकांच्या खुणा होत्या. एका चाकाला ठिगळ. ते ठिगळ सगळ्या गावाच्या ओळखीचं होतं.

“माझ्याकडे काय बघता?” बेदियाकोचं घुमणं पार उतरलं. “उतार अम्पोन्सानं बसवला, ट्रक त्याचा! मला नुसतं घुमायला सांगितलं होतं.”

सेरवा मामाकडे वळली. “मामा, पाण्याचा वेग कसा आवरायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?”

“मीच पडेल भावात विकत घेणार होतो गं,” मामा पुटपुटला. “खाण घरातच राहिली असती.”

“केसानं गळा कापलात, मामा.” तिला रडू आवरेना. डोळे पुसून ती लोकांकडे वळली. “गुरुवार खुशाल पाळा. पण चमत्कार दिसला की आधी विचारा, यात फायदा कुणाचा? आणि हे घरच्या माणसाच्या बाबतीतही विचारा. मी विचारलं नाही.”