पिल्लूवरचं घर

लॅपटॉप कसला, वहीएवढं पिल्लू होतं ते. दुकानदाराने विकतानाच बजावलं होतं, "यावर मेल बघा, गाणी ऐका, जास्त अपेक्षा ठेवू नका." आणि या नवराबायकोने त्याच्यावर गेम बनवायला घेतला. वेडच म्हणायचं. पण वेड दोघांना एकदम लागलं असलं की संसार बरा चालतो.

तो बेकरीत कामाला. ती गाढ झोपेत असतानाच पहाटे बाहेर पडायचा. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, दुपारी जायची ती रात्री यायची, तेव्हा हा घोरत असायचा. तिला माहेरी सगळे सेकंदकाटा म्हणत, कारण भाजी परतायलासुद्धा ती घड्याळ लावायची. त्याचं नाव तिने निवांत ठेवलं होतं. पाव भट्टीत कधी घालायचा असं विचारलं तर तो म्हणायचा, "पीठ सांगतं." जागेपणी भेट काय ती एकच. तो जिना चढून यायचा, ती उतरत असायची, आणि वळणावर पिल्लू या हातातून त्या हातात जायचं. "खाल्लंस का?" "खाल्लं. किल्ली घेतलीस?" एवढ्यावर संसार.

बाकीचं बोलणं गेममध्ये. पीठ फुगेपर्यंत तो मैद्याच्या पोत्यावर बसून पिल्लू मांडीवर घ्यायचा. रक्ताच्या नळ्या यंत्रात गरगरत असताना ती टेबलाच्या कोपऱ्यावर ते उघडायची. गेममध्ये एक घर होतं, धुक्यात तरंगणारं. धुकं काही हौसेने आणलेलं नव्हतं. लांबचं काही दाखवायला गेलं की पिल्लूला दम लागायचा, म्हणून त्याला जे झेपत नाही ते धुक्यात घालायचं, असं ठरलं होतं. पण त्या धुक्यात घर फार सुंदर दिसायचं. तिने स्वयंपाकघरात समुद्र आणला, गुडघाभर, कोमट. दुसऱ्या दिवशी त्यात एक खुर्ची तरंगत होती. तिने कपाटात चंद्र ठेवला, तर त्याने कपाटाचं दार किलकिलं करून ठेवलं. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. पिल्लू उघडलं की कळायचं आज घरात काय नवीन आहे, आणि प्रयोगशाळेतल्या औषधी वासात तिला क्षणभर पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाटायचं.

घरात माणसं दोनच, एक बाई आणि एक बाप्या. बाई तिने केली, बाप्या त्याने. खेळणाऱ्याने घरभर दिवे लावत फिरायचं. शेवटचा दिवा लागला की बाई वरून जिना उतरायला लागायची, बाप्या खालून चढायला लागायचा, आणि वळणावर दोघं भेटली की सगळं धुकं सोनेरी व्हायचं. तिथे गेम संपायचा. हा शेवट तिने कितीदा पाहिला असेल, तरी दर वेळी ते सोनेरी धुकं विरेपर्यंत ती पिल्लू मिटायची नाही.

मग ती नोकरी आली. दुसऱ्या शहरातलं मोठं इस्पितळ, दिवसाची पाळी, राहायला खोली. हो की नाही, सोमवारी कळवायचं होतं. तिने जिन्यात सांगितलं तेव्हा तो "अरे वा" म्हणाला, पिल्लू तिच्या हातात ठेवलं आणि वर निघून गेला. त्यानंतर चकार शब्द नाही. जा म्हणेना, नको जाऊस म्हणेना. गेममध्ये तरी काही ठेवलंय का, म्हणून ती खोलीन् खोली धुंडाळायची, पण घर जिथल्या तिथे. "हा आता कसलं पीठ फुगायची वाट बघतोय?" ती मनात चरफडायची. राग होताच, पण रागाच्या खाली भीती होती. आपण गेलो तर याला काही वाटेल की नाही?

तिच्या दादाला मात्र सगळं ठरल्यातच जमा वाटलं. "दोन घरं झाली, आता दोन लॅपटॉप हवेत," म्हणत रविवारी तो एक नवाकोरा, दणकट लॅपटॉप ठेवून गेला. दुपारी तिने गेम त्यावर चढवला. निवांत शेजारी येऊन बसला.

दिवे लागले. बाई नेहमीच्या चालीने पहिली पायरी उतरली. बाप्या मात्र खालून असा सुसाट सुटला की तिच्या बाजूने वर जाऊन धुक्यात दिसेनासाही झाला. बाई आपली उतरत राहिली. वळणावर आली, तिथे कोणी नव्हतं. तशीच खाली गेली. धुकं राखाडीच राहिलं.

"कुत्रं लागलंय का रे याच्या मागे?" ती हसली. पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच. मग तिला हसू येईना.

कारण चटकन सापडलं. बाईची पावलं तिने घड्याळाला बांधली होती, यंत्र कुठलंही असो, चाल तीच. त्याने घड्याळबिड्याळ पाहिलंच नव्हतं. यंत्राने चित्र एकदा नव्याने काढलं की बाप्याचं एक पाऊल, एवढंच लिहून तो मोकळा झाला होता. पिल्लू धापा टाकत चित्रं काढायचं, म्हणून बाप्या सावकाश चढायचा आणि दोघांची गाठ पडायची. नव्या यंत्राला दम लागणं ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याने काय लिहिलंय हे दोघांपैकी कोणीच कधी उघडून पाहिलं नव्हतं. भेट होतेय ना, मग कशाला बघायचं?

"म्हणजे इतके दिवस आपण भेटत होतो ते पिल्लूच्या कृपेने," ती म्हणाली. बोलायचं होतं गेमबद्दल, पण ते गेमबद्दल राहिलं नाही.

"चूक माझी आहे. एका ओळीचं काम. बाप्यालाही घड्याळाला बांधून टाकतो."

"नको." ती एकदम म्हणाली. "घड्याळाने चालला तर तो तो राहायचा नाही."

"मग बाईचं घड्याळ काढ."

"धडपडेल रे ती."

तो हसला. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि भट्टीचे चटके बसलेल्या बोटांनी सावकाश टाइप करायला लागला. ती वाकून बघत होती. त्याने बाईच्या चालीला हात लावला नाही, बाप्याच्याही नाही. जिन्याच्या वळणाला मात्र एक नवा नियम दिला. जो आधी पोचेल त्याने थांबायचं, दुसरा येईपर्यंत, मग कितीही वेळ लागो.

तिने गेम लावला. बाप्या सुसाट वर आला आणि वळणावर गपकन थांबला. वर बघत उभा राहिला. बाई एकेक पायरी उतरत होती, उतरत होती, आणि तो हलला नाही. मग धुकं सोनेरी झालं.

"उद्या हो म्हणून कळव," निवांत म्हणाला.

"आणि तू?"

"मालकाला दुसरा माणूस शोधून द्यायला हवा, इथलं सगळं आवरायला हवं. माझ्या हाताने वेळ लागणारच, तुला माहितीये. पण पीठ काय गं, कुठेही फुगतं." तो अजून पडद्याकडेच बघत होता. "या खेपेला तू आधी पोचशील. थांबशील ना?"

"थांबेन," ती म्हणाली, आणि हे सांगायला त्याने इतके दिवस लावले म्हणून रडत रडतच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.