सूपभर कोंड्याची लेक

कोंडीची पहिली दोन बाळं महिनाभरही टिकली नाहीत. म्हणून तिसऱ्या खेपेला भागूबाईनं लेकीला सातव्या महिन्यातच खोपोलीहून कुंभिवलीला माहेरी ओढून आणलं. जावई धाकलू खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. "तू तुजं मशीन सांभाळ, माजी पोर मी सांभाळते," असं त्याला तोंडावर सांगून भागूबाई मोकळी झाली. मुलगी झाली. डोकंभर जावळ, आणि रडायला लागली की पुणे रस्त्यावरच्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबावा असा आवाज. बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं. पण त्याआधी, त्याच सकाळी, पोर विकायचं होतं.

यात दचकण्यासारखं काही नाही. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिच्या कुशीवर सटवाईचा डोळा असतो, असं तिकडे मानतात. मग त्या देवीलाच चकवायचं. तान्हं सुपात घालायचं आणि जिची सगळी पोरं धडधाकट आहेत अशा बाईला विकून टाकायचं. किंमत ठरलेली, सूपभर कोंडा. सटवाई दारात आली तर सांगायचं, बाई, हे माझं नव्हेच, तिकडच्या घरचं आहे. अंगावर पितं तोवर पोर आईजवळच राहतं, पण नावानं परकं. पाच वर्षांचं झालं की विकणारीनं तेवढाच कोंडा घेणारीच्या ओटीत ओतायचा आणि आपलं लेकरू सोडवून आणायचं. कोंडा फिटला, म्हणतात मग. माणसं देवाला घाबरतात आणि त्यालाच टोपी घालतात.

कोंडीचं नावही त्यातूनच आलेलं. आपल्या आधीची भावंडं गेली, म्हणून आईनं आपल्याला शेजारच्या जनीकाकीला विकलं आणि पाचव्या वर्षी परत आणलं, ही गोष्ट ती भागूबाईच्या मांडीवर ऐकत वाढली होती. जनीकाकी कधीच वारली होती. तिला विचारायची सोय नव्हती, आणि आईला कोण कशाला विचारतं?

पोर विकत घ्यायला लोधिवलीहून अंबूबाई आली. एके काळी त्या पंचक्रोशीची सुईण. तिची स्वतःची सात मुलं, सातही जिवंत. म्हातारपणी ती लोधिवलीला थोरल्याकडे जाऊन राहिली होती, नजर अधू झाली होती, जिभेची धार मात्र तशीच होती. सूपभर कोंडा घेऊन ती अंगणात पाटावर बसली. कोंडीनं बाळाला कुंची बांधली आणि समोर आणलं.

"थांब गं," अंबूबाई म्हणाली. "आदी सांग, तुजा कोंडा फिटलाय ना? तो फिटल्याबिगर तुला पोर इकता यायची नाय. जी सोताच सुपात हाय, ती दुसऱ्याला काय इकणार?"

"फिटला की, मावशी. आयेनं कवाच सोडवली मला."

"भागूनं?" म्हातारी हसली. "भागू कशी सोडवंल? भागूनं तर घेतली तुला. सोडवायची ती इकणारीनं. राणीसायबांनी."

भागूबाई चुलीपाशी पुरणाचा कट उकळत होती. तिच्या हातातली पळी खाली पडली. अंबूबाईला ते दिसलं नाही, ती आपली बोलतच राहिली.

"मीच तर हुते तवा पेलेसात. तीन पोरं गेल्याली, तू चौथी. तुला सुपात घालून मीच भागूच्या हाती दिली. राणीसायबांना तुला घरात ठेवायचंच भ्या वाटलं, मंग नेम सोडून पाजनारी बघितली; तिचं तानं नुकतंच गेलं हुतं, पान्हा हुता तिला. मंग मी लोधिवलीला गेले. मागनं आयकलं का पोर पेलेसात ऱ्हाती, राणीसायबांच्या उशा-पायथ्याला असती. मला वाटलं, झालं, नेली त्यांनी परत, बाळंतपनाला तेवढी दूध पाजल्याल्या आयेकडं आलीस. भागू, का गं बोलत नायस?"

भागूबाईनं पळी उचलली आणि ती पदरानं नुसतीच पुसत राहिली.

पेलेस, म्हणजे कुंभिवलीच्या वरच्या टेकाडावरचा राजवाडा. देशावरच्या एका छोट्या संस्थानिकानं हवापालटासाठी बांधलेला. राज्य विलीन झालं, संस्थान गेलं, मिजास तेवढी मुक्कामाला राहिली. कोंडी नवव्या वर्षापासून तिथं कामाला, लग्नानंतरही खोपोलीहून येऊन-जाऊन. राणीसाहेबांच्या केसांना तेल लावायचं, पाय चेपायचे, पितळी दिवे घासायचे. राणीसाहेब तिच्याशी वाईट वागल्या असं तिला कधी म्हणता आलं नसतं. उष्टं ताट त्यांनी तिला कधी उचलू दिलं नाही. मात्र तिच्या डोक्यावरून हातही कधी फिरवला नाही.

वरच्या मजल्यावर एक खोली कायम कुलपात असायची. वर्षातून एका दिवशी राणीसाहेब ती उघडून आत एकट्याच बसत, आणि कोंडीला दाराशी उभं करत. आतल्या रिकाम्या पाळण्याची कडी कुरकुरताना ऐकून कोंडीचे डोळे भरून येत. चार बाळं गेली हो बिचारीची, असं गाव म्हणायचं. मागच्या बागेत बकुळीखाली मात्र शेंदूर लावलेले दगड तीनच होते. कोंडी दर वर्षी त्या तिघांवर फुलं ठेवायची. चौथा दगड कुठाय, हे तिनं एकदा माळ्याला विचारलं होतं. "राजवाड्यातलं राजवाड्याला," एवढंच तो म्हणाला होता.

आता कळलं चौथा दगड कुठं होता ते. तेल लावत बसला होता.

कोंडीनं बाळाला पदराखाली घेतलं आणि कोंड्याचं सूप उचलून भागूबाईच्या हातात दिलं.

"चल. ओटी तुजीच हाय, सूप तूच धर."

"कोंडे, बारा दिसांची बाळंतीण तू..."

"माजी पोर जगायची तर आदी माजा कोंडा फिटाय पायजे. म्हातारी थांबलीय. चल."

चढाची वाट. कोंडी पुढे, भागूबाई मागे. कोंडीचं डोकं भराभर चाललं होतं आणि एकेक जुनी गोष्ट उलटी होऊन समोर येत होती. भाऊबीजेला राणीसाहेब पुण्याहून भाचीला मुद्दाम बोलावत, कारण त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, बाळराजांना, बहीण नव्हती. ओवाळायची भाची, तबक धरायची कोंडी. थोरले महाराज, राणीसाहेबांचे यजमान, तीन वर्षांमागं वारले, तेव्हा ती त्यांच्या पायांवर पडून रडली होती, तर कारभारी म्हणाला होता, नोकरमाणसांनी बाहेर बसा. ती बाहेर बसली होती.

"तुला म्हायती हुतं," ती मागे न बघता म्हणाली. "आनि तूच मला नेऊन सोडलीस तिथं. दिवे घासाय."

"त्यांनीच मागितली गं. म्हनल्या, निदान डोळ्यांसमोर असू दे." भागूबाईला धाप लागली होती. "मला वाटायचं, आज नेतील, उद्या नेतील..." ती मध्येच थांबली. "नाय. खोटं कशाला बोलू देवाच्या वाटंवर. तू पाच वर्साची झालीस तवा मी सटवाईला नवस बोलले, का त्यांना माजी पोर आठवू नको. दर वर्सी बोलले. तू माजी हायस, कोंडे."

कोंडीनं चाल वाढवली. ज्या मांडीवर गोष्ट ऐकली ती मांडीही खोटी निघाली, तर माणसानं टेकायचं कुठं? परकं कुणी फसवलं तर शिवी तरी देता येते. इथं तर जिनं जिवापाड जपलं तिनंच केसानं गळा कापला होता.

राणीसाहेब पुढच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नजर घाटाच्या बाजूला. कोंडी, तिच्यामागे भागूबाई, भागूबाईच्या हातात सूप आणि सुपात कोंडा, एवढं पाहिल्यावर त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"कोणी सांगितलं?"

"अंबूमावशीनं. तिला वाटलं, मला म्हायती आसंल."

राणीसाहेबांनी डोळे मिटले. मग बोलल्या, त्या अगदी हळू. "तुला दिल्यावर वर्षात बाळराजे झाले. जगले. तुला सोडवायचा दिवस ठरला, कोंडा काढून ठेवला, आणि त्याच दिवशी त्यांना तापात झटके आले. मी समजले. देवी म्हणत होती, एकच मिळेल. तू बाहेर राहिलीस म्हणून ते आत राहिले."

"आनि महाराज?"

"महाराजांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांना आम्ही... तू गेलीस, असंच सांगितलं होतं."

म्हणजे बापानं तिला मेलेली समजून आयुष्य काढलं, आणि ती त्याच्यासाठी रोज पाण्याचा तांब्या भरून ठेवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून आपण हसतो. जिच्या बाबतीत घडतं तिला हसू येत नाही.

कोंडीनं पदर बाजूला केला. बाळ झोपलं होतं.

"मला पेलेस नको, राणीसायब. नाव नको, काय नको. माजी दोन गेली. ही तिसरी. हिला वाचवायची तर पयला माजा कोंडा फिटाय पायजे. कोंडा मीच आनलाय. तुमी निस्तं सूप उचलून हिच्या ओटीत वता. आनि म्हना, माजी लेक मला दे. कुनाच्या कानावर जायचं नाय. तिगींतच ऱ्हाईल."

राणीसाहेब उठल्या. सुपापाशी आल्या. बाळाकडे पाहून त्यांचा हात सुपाच्या काठापर्यंत गेलाही.

"आज नको," राणीसाहेब म्हणाल्या आणि हात मागे घेतला. "बाळराजे पुण्याहून गाडी घेऊन निघालेत. आत्ता घाटात असतील. एवढं वळणावळणाचं... आज नको, कोंडी."

"मी थांबते," कोंडी म्हणाली.

ती पायरीवर बसली, भागूबाई सूप धरून खांबाशी उभी राहिली. बाळ जागं झालं, कोंडीनं त्याला पाजलं. राणीसाहेब घाटाकडे बघत राहिल्या, आणि कोंडी राणीसाहेबांकडे. या बाईचे केस आपण किती वर्षं विंचरले, आणि कपाळ आपलंच आहे हे आपल्याला कधी दिसलं नाही, असं तिच्या मनात आलं.

फाटकाशी हॉर्न वाजला. गाडी आत आली. बाळराजे उतरले, गोरे, उंच, घामेजलेले, पण कुठं ओरखडाही नाही. आईसाहेबांच्या पाया पडले. मग त्यांचं लक्ष पायरीकडे गेलं.

"अगं कोंडी! आलीस होय कामावर? बरं झालं. डिकीत माझी बॅग आहे, तेवढी वर नेऊन ठेव."

कोंडीनं राणीसाहेबांकडे पाहिलं. आता तरी. कोंडा राहू दे, नुसतं एवढं म्हणा, की तिला सांगू नका, बाळंतीण आहे ती. एवढंच.

राणीसाहेब मुलाचा घाम पुसत होत्या.

बाळराजे आत गेले. कोंडी उठून म्हणाली, "आले. सुखरूप आले. आता वता."

राणीसाहेबांनी सुपाकडे पाहिलं नाही, बाळाकडेही नाही. "उद्या त्यांना परत जायचं आहे," त्या म्हणाल्या. "त्याच घाटातून."

कोंडीनं भागूबाईकडे मान वळवली, आणि तिला जे दिसायला नको होतं ते दिसलं. भागूबाईनं सूप छातीशी घट्ट धरलं होतं आणि सुटकेचा श्वास सोडला होता. एकीला ती परत नको होती, दुसरीला ती द्यायची नव्हती, आणि दोघी मिळून तिच्या पोरीचा जीव टांगून बसल्या होत्या. कोंडीला त्या क्षणी दोघींची सारखीच शिसारी आली.

तिनं भागूबाईच्या हातातून सूप ओढलं आणि सगळा कोंडा व्हरांड्याच्या चकचकीत फरशीवर, दोघींच्या मधोमध ओतला. वाऱ्यानं थोडा राणीसाहेबांच्या पायांवर गेला, थोडा भागूबाईच्या.

"फिटला," ती म्हणाली. "मी कुनाचीच नाय."

रिकामं सूपही तिनं तिथंच टाकलं आणि बाळाला घेऊन उतरली.

टेकाडाखाली ओढ्याच्या काठी सटवाईचं ठाण होतं, करवंदीच्या जाळीत शेंदराचा एक गोटा. पोरवाल्या बाया तिथून जाताना लेकराचं तोंड झाकून घाईनं पुढे जात. त्या गावात कुणी पोर असं उघडं करून तिच्यासमोर नेलं नव्हतं. कोंडी गोट्यासमोर बसली आणि तिनं बाळाची कुंची सोडली, चेहरा पार उघडा केला. तिला भीती वाटत होती, इतकी की दातावर दात वाजत होते.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ. आजपतुर तुला सगळ्यांनी फशीवलं. मी नाय फशीवनार. ही माजी. मी इकली नाय, मी इकनार नाय. धोंडी नाय, कोंडी नाय, हिचं नाव मोती. काय लिवायचं ते ह्या नावावर लिव. न्यायचीच असंल तर माज्या हातातनं ने, मला सांगून ने. पर ही कुनाची हाय, हे हिला कवा दुसऱ्याकडनं कळायचं नाय."

बाळानं जांभई दिली आणि भोकाड पसरलं.

मागे पावलं वाजली. भागूबाई धापा टाकत ओढ्यापर्यंत आली होती. तिनं पदरात रिकामं सूप गुंडाळून आणलं होतं; कुणाचीही वस्तू टाकून येणं तिला कधी जमलं नव्हतं.

"कोंडे," ती म्हणाली, "पुरनाचा कट चुलीवरच हाय गं. अंबूबाय वाट बघतीय. घरी चल."

कोंडीनं मोतीला खांद्यावर घेतलं आणि खोपोलीच्या रस्त्याला वळली.

"अगं, घर हिकडं हाय!"

"तुजं," कोंडी म्हणाली, आणि चालू लागली.