पहारेकरी न मिळालेला सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि आधीच कबूल करतो, स्वभावाने मत्सरी आहे. कचेरीतल्या सगळ्या संगणकांना माहिती पुरवणारा मोठा संगणक म्हणजे सर्व्हर. १९९७ साली मला नाशिकच्या एका फूलबागायतदार संघात आणलं. फुलांच्या शीतखोलीवर लक्ष ठेवायचं, आतला गारवा कमी झाला की रखवालदाराच्या चौकीतली घंटा वाजवायची, हे माझं काम. संगणक सांभाळणाऱ्या सुवर्णाताई सकाळी आधी माझ्यावरची धूळ पुसायच्या, मग चहा घ्यायच्या.

२००४ साली दोन नवे सर्व्हर आले आणि माझं सुख संपलं. तिघांना एका जाळ्यात जोडलं. मग ताईंनी नव्या दोघांत एजंट बसवले. एजंट हा आतला पहारेकरीच. एखादं काम बंद पडलं की तो ते लगेच पुन्हा सुरू करतो आणि ताईंच्या पडद्यावर तसं कळवतो. त्या दोघांच्या कोडकौतुकात ताई चार दिवस जेवणाचा डबा उघडायला विसरल्या. माझी पाळी आली तेव्हा व्यवस्थापक शेखरराव म्हणाले, "ह्याला कशाला? दिवाळीनंतर काढायचाच आहे." ताई पुढच्या कामाला लागल्या. माझा नुसता जळफळाट झाला. कालची पोरं ती, आणि त्यांना पहारेकरी.

खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रं थांबवून त्यांची पूजा करायची, ही संघाची रीत. ताईंनी तिघांची कामं थांबवली आणि हळदकुंकू घेऊन वळल्या, तर एजंटांनी नव्यांची कामं पुन्हा सुरू केलेली. पुन्हा थांबवली, पुन्हा सुरू.

"पूजेपुरतंही स्वस्थ बसत नाहीत मेले," ताई वैतागल्या. मी मात्र शहाण्यासारखा थांबून होतो. मोठा हार मलाच मिळाला. मी मनातल्या मनात मिशांवर ताव दिला.

पेढे वाटून सगळे घरी गेले. नव्यांची कामं चालू दिसली, म्हणून ताईंना वाटलं सगळंच चालू आहे. माझं काम सुरू करायचं राहूनच गेलं. दुपारी शीतखोलीचं यंत्र बंद पडलं. रखवालदार सहादू घंटेच्या भरवशावर चौकीत बसून होता, आणि घंटा काही वाजली नाही.

दसऱ्याच्या सकाळी मखमलाबादच्या बागायतदार लंकाबाई शीतखोलीत ठेवलेले आपले गुलाब न्यायला आल्या. जुडी उचलली तर पाकळ्या हातात आल्या.

"वर्षाचा सण हाय ताई. बाजारात आता काय नेऊ मी?" एवढं बोलून त्या पायरीवरच बसल्या.

"म्हाताऱ्याने दगा दिला. आजच काढा त्याला," शेखरराव म्हणाले.

"साहेब, तो नाही चुकला," ताई म्हणाल्या. "फुलं राखायचं काम त्याच्याकडे, आणि पहारेकरी दिले मी दुसऱ्यांना. चूक माझी आहे."

सणाचं जेवण सोडून ताई माझ्यापुढे बसल्या आणि संध्याकाळपर्यंत माझ्यातही एजंट बसवला. दिवाळी होऊन गेली, मी अजून इथेच आहे.

ज्याच्यासाठी जळत होतो ते मिळालं, पण त्याचा आनंद काही झाला नाही. मी हार मिरवत होतो तेव्हा लंकाबाईंचे गुलाब सुकत होते. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू राबत असेल. तिची पूजा जरूर करा. पण उठताना तिला एकदा विचारा, काम चालू आहे ना? मला त्या दिवशी तेवढं कुणी विचारलं नाही.