बोरटोल्याची पाळ

बकाराम पाणकर पितळेचा लोटा घेऊन आला आणि त्याने तो घनश्याम पटलांसमोर ओसरीच्या काठावर ठेवला.

"काय आणलं?"

"पाणी हाये जी. पाळीच्या पायथ्याचं. तुमी पहिले चहा प्या."

पटलांनी चहा संपवला. मग बकारामने लोटा तिरपा करून पाणी हळूहळू अंगणात ओतलं. तळाशी बोटभर लाल गाळ उरला.

"पाझर तं पंधरा दिवसांचा हाये. पन पाणी कसं निवळ होतं. पाणी गेलं तं जाऊ द्या जी. आता माती जाऊन राहिली."

बकाराम जातीने कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांतला. बोरटोल्याच्या तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं आणि पाळीला, त्या मातीच्या बांधाला, कुठे काय झालं ते पाहायचं, हे त्याच्या घरात आजापासून चालत आलेलं काम. तो उगाच बोलणाऱ्यातला नव्हता. पटलांनी पायात वहाणा सरकवल्या.

साल सेहेचाळीसचं होतं. आश्विन लागला होता. पावसाने यंदा हात आखडला नव्हता आणि तलाव सांडव्यापर्यंत चढलेला होता. पाणी गावाचं, पण पाळ मालगुजाराची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या पटलांची; कागदावर तसं लिहिलेलं होतं आणि लोकांच्या तोंडातही तसंच होतं. तीस वर्षं पटलांनी दर उन्हाळ्यात पाळीवर माती टाकून घेतली. गेल्या तीन वर्षांत टाकली नाही. नागपूरला वकिली करणाऱ्या मुलाने, मनोहरलालने, कळवलं होतं की मालगुजारी आज ना उद्या जाणार, सरकारच्या पाळीवर आपण कशाला माती टाकायची? ते पत्र वाचून पटलांना हायसं वाटलं होतं. तेच आता पाळीवरून चालताना त्यांच्या मनाला लागत होतं.

पायथ्याशी गवतात हाताच्या पंज्याएवढी जागा उकळल्यासारखी हलत होती. भोवती मऊ लाल मातीचं आळं झालं होतं. पटलांनी हात घातला. पाणी गार होतं आणि बोटांमधून माती सुळसुळत बाहेर येत होती. त्यांनी मान वर केली तर समोर खालटोली. चाळीस घरं, छपरांवर चढलेले कोहळ्याचे वेल, एका दारात खाटेवर वाळत घातलेली गोधडी. पाळ गेली तर पाणी पहिलं तिथे जाणार होतं.

"आता काय कराचं?"

"तुडूम उघडा. पाणी अर्ध्यावर आणा. धान निघाल्यावर खोदून पाहू."

दुपारी चिंचेखाली माणसं जमली. पटलांनी सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, आणि मग सुखराम उठला. सुखराम खालटोलीचाच, पण त्याच्या बांध्या वर, उंचावर. त्या भागातला धान आत्ता निसवून राहिला होता. दहा-बारा दिवसांनी एक पाणी मिळालं नाही तर लोंबीत दाणा भरणार नव्हता.

"बारा दिवस थांबा, पटील. आमचं पाणी होऊ द्या, मंग खुशाल सोडा."

"बारा दिवसांत पाळ फुटली तं?"

"फुटाची असती तं तुमच्या बुढ्याच्या काळातच फुटली असती."

"मंग असं करा. बारा दिवस खालटोलीनं वर शाळेत राहाचं. पोरंबाळं, ढोरं, सगळं घेऊन."

यावर लोक हसले. ढोरं शाळेत बांधायची का, असं कोणीतरी विचारलं. चमेली नावाची विधवा बाई म्हणाली, "घर सोडून गेलो तं कोंबड्या कोन पाहील?" वैतागायचंही त्राण पटलांच्या अंगात उरलं नव्हतं. ज्यांना बुडायची भीती, तेच नको म्हणत होते. ते तसेच घरी परतले.

त्यांच्या पत्नी सुशीलाबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, पण सूप थांबवलं नाही.

"पाळ कोनाची हाये?"

"आपली."

"मंग त्याइले विचाराले कायले गेले? उद्या काही झालं तं अर्धा दोष त्याइच्या माथी मारता यावा म्हणून?"

ती बोलली ते खरं होतं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात ती असं खरं बोलली की त्यांना आधी झोपून जावंसं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ते बकारामला घेऊन तुडुमावर गेले. तुडूम म्हणजे पाण्यात पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेलं दगडी बांधकाम. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात सागाची खुटी. अर्ध्यावर पाणी आणायचं तर पाण्याखालची चौथी खुटी काढायला हवी होती. बकाराम दम्याचा माणूस, बुडी त्याला झेपणारी नव्हती. तरण्या माणसांपैकी एकही पुढे होईना. सगळे पाळीवर रांगेने उभे होते, आणि वरच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून सुखराम बसला होता.

"सरक, सुखराम."

"नाई सरकत. तुमच्या घरी कोठ्या भरून हायेत, पटील. तुमचं काय जाते?"

पटलांनी पागोटं काढून बकारामच्या हातात दिलं. सदरा काढला. अठ्ठावन्न वर्षांचं ते गोरं, सैल पडलेलं अंग गावाने कधी उघडं पाहिलं नव्हतं. कोणी हसलं नाही. धोतराचा काचा मारून ते सुखरामच्या शेजारून पाण्यात उतरले आणि त्यांनी बुडी मारली.

पहिल्या बुडीत खुटी हाताला लागली पण हलली नाही. दुसऱ्यात नाकातोंडात पाणी गेलं. वर येऊन ते दगडाला धरून खोकत राहिले. त्यांचं डोकं सुखरामच्या गुडघ्याला लागलं. सुखरामने पाय मागे घेतला नाही, हातही दिला नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही पाय दगडाला टेकवून खुटी ओढली. ती निघाली तशी पाण्याने त्यांचा हात भोकाकडे खेचला. कसाबसा सोडवून ते वर आले तेव्हा कोपराची कातडी सोलली होती. पाळीपलीकडे पाटात पाणी धो धो पडू लागलं.

सुखराम उठला. "झालं ना मनासारखं?" म्हणून निघून गेला.

पाच दिवस पाणी वाहिलं. भरलेल्या बांध्यांमधून ओसंडून ते नाल्याला लागलं आणि तिथून वाघ नदीला गेलं. पाझर कमी कमी होत सातव्या दिवशी आटला. उरलेलं पाणी वरच्या बांध्यांना चढणारं नव्हतं. पाऊस परत आला नाही. वरचा धान पोचट गेला. सुखरामच्या खळ्यावर भुसा जास्त आणि दाणा कमी निघाला. खालच्या बांध्यांत पीक बरं आलं, पण त्याबद्दल कोणी पटलांना काही म्हटलं नाही. रस्त्यात लोक रामराम करायचे, थांबायचे मात्र नाहीत.

माघात पाळ खोदली. मनोहरलालचं पुन्हा पत्र आलं होतं, खर्च करू नका म्हणून. पटलांनी ते घडी करून ठेवून दिलं. चार हात खोल गेल्यावर एका जुन्या अर्जुनाचा बुंधा लागला. पटलांना ते झाड आठवत होतं. त्यांच्या वडिलांनी ते तोडून वर माती लोटली होती. आत मुळी कुजून नळीसारखी पोकळ झाली होती. बकारामने हात घातला, तो थेट खांद्यापर्यंत आत गेला.

"तलावाकडच्या बाजूनं दोन वीत माती धड राहिली होती जी. तेवढीच."

कडेला उभा असलेला सुखराम वाकला. बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिला.

"दोन वीत राहिली होती ना?" तो म्हणाला. "मंग बारा दिवस निघाले असते."

पटलांनी त्याच्याकडे पाहिलं. निघाले असते, कदाचित नसतेही. आता ते ना सुखरामला सांगता येत होतं, ना त्यांना स्वतःला.

"उद्यापासून मातीकामाले येशील?" त्यांनी विचारलं.

"येतो. घरी बसून काय करू?"

आठवडाभर चिकणमाती पडत राहिली. चमेली आणि खालटोलीच्या बाया टोपल्या वाहत होत्या, बैल माती तुडवत होते. शेवटल्या दिवशी संध्याकाळी खड्डा पाळीला बरोबर झाला. पटील नव्या मातीवर बसून राहिले. बकाराम पाळीच्या दुसऱ्या टोकाकडून चालत आला आणि उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सांगायचं आहे हे दिसत होतं.

"पटील, तिकडल्या अंगाले बी..."

"आज नको, बकाराम," पटील म्हणाले. "उद्या सांगजो."