दोन नावांच्या बाईचा झगा

मी एक झगा. टॉवेलच्या कापडाचा, आंघोळीनंतर अंगावर घ्यायचा. जन्म सोलापूरचा, पण सारी हयात गेली कॅलिफोर्नियात. त्यातली पहिली वर्षं, जिथं फक्त मोठ्यांसाठीच्या 'तसल्या' फिल्मा काढतात तिथं. नाक मुरडलंत ना? मुरडा. मला सवय आहे.

माझी मालकीण मार्लिस नट्यांचा मेकअप करायची. दिग्दर्शक "कट" म्हणाला, की धावत जाऊन मला नटीच्या खांद्यावर टाकायची. म्हणजे लोक जे बघतात ते संपलं, की माझं काम सुरू. मी काय पाहिलं? दुखरे गुडघे, गार झालेला पिझ्झा, पाळणाघराला केलेले फोन. एक जण परीक्षेचा अभ्यास करायची, एक स्वेटर विणायची. माणसं एकमेकांची टिंगल करायची आणि एकमेकांना जपायचीही.

तिथली एक रीत होती. खरं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही. ओळखपत्र काय ते निर्मात्याला दाखवायचं. बाकीच्यांसाठी पडद्यावरचं नाव तेच खरं. मार्लिसच्या लाडकीचं नाव होतं सबरीना.

एके दिवशी निर्मात्यानं तिला ठरलं नव्हतं ते करायला सांगितलं. ती नको म्हणाली, तर म्हणे, "एवढी मंडळी खोळंबलीत, आता कसले नखरे?" सबरीनानं मान खाली घातली आणि सांगितलं ते केलं. नंतर माझी बाही दातांत धरून ती रडली, तेव्हा मला वाटलं, या धंद्याला लोक शिव्या देतात ते काही उगीच नाही.

मार्लिसनं सगळ्यांदेखत निर्मात्याचा उद्धार केला. मग माझ्या फाटक्या खिशावर जांभळं ठिगळ शिवलं आणि मला सबरीनाच्या हातात दिलं. "जा पोरी. परत या दारात दिसलीस, तर तंगडं मोडीन!"

सबरीना लांबच्या एका गावात गेली. तिचं खरं नाव मला तिथं कळलं, ट्रूडी. मुलगी लॉटी तेव्हा तीन वर्षांची होती. चर्चच्या शाळेत ट्रूडीला मदतनिसाची नोकरी मिळाली. चार वर्षं तिनं पोरांची नाकं पुसली, बुटांच्या नाड्या बांधल्या. पोरं तिला सोडायची नाहीत.

मग तो नाताळ आला. चर्चमधल्या येशूजन्माच्या नाटकात मुलांनी मेंढपाळ व्हायचं तर घरातला झगा चढवायचा, ही तिथली पद्धतच. लॉटीनं बाह्या दुमडून मला घातलं. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू?

नाटक संपलं आणि मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. मार्लिस! सणाला बहिणीकडं आली होती. तिनं आधी ठिगळ ओळखलं, मग ट्रूडीला. हात पसरून ओरडली, "सबरीना! अगं माझी पोर ती!"

नाव ऐकताच पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ झटकन मागं वळले. शाळेच्या समितीवर होते ते. ट्रूडीच्या चेहऱ्याकडं त्यांनी नीट पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

चार दिवसांनी मुख्याध्यापिका घरी आल्या. "तुझ्या कामाबद्दल काही तक्रार नाही गं. पण तू आधी काय करायचीस, ते समितीला कळलंय."

"ज्यांनी सांगितलं, त्यांनी मला कुठं पाहिलं, हे विचारलंत का बाई?"

बाईंनी पर्स उचलली. "सुट्टीनंतर येऊ नकोस."

मार्लिस आली ती रडतच. "मला तुझं दुसरं नावच माहीत नव्हतं गं!" ट्रूडीनंच तिला जवळ घेतलं. म्हणाली, "तुझ्याइतक्या मायेनं ते नाव कुणी घेतलंही नव्हतं."

हा धंदा वाईट की चांगला? मी तिथं माया पाहिली, बळजबरीही पाहिली. बळजबरी करणाऱ्याला खुशाल बदनाम करा. पण तो निर्माता मजेत आहे, ते गृहस्थ अजून समितीवर आहेत, ट्रूडीला गावात कुणी काम देत नाही आणि लॉटीला वर्गातलं कुणी वाढदिवसाला बोलवत नाही. बदनामी वाटली गेली ती अशी. माझं काळीज तुटतं.

काल लॉटीनं विचारलं, "मम्मी, आपण काय केलंय गं?"

ट्रूडीनं मला दोघींच्या अंगावर ओढून घेतलं. मी पडलो कापड; मला अंग झाकता येतं, उत्तर देता येत नाही. तुम्ही हे वाचताय, कदाचित त्या फिल्माही बघत असाल. तुम्हीच सांगा तिला.