एल्स्पेटची जागा

गिल्बर्टमामाने स्वतःच्या खर्चाने आमच्या घराण्याचा इतिहास छापला. त्यात माझ्या पणजीच्या, एल्स्पेटच्या वाट्याला दोन शब्द आले आहेत: ‘अकाली निधन’. तिचा बाप अलेक्झांडर मेनी याला अकरा पानं. अलेक्झांडरच्या घोडीला अर्धं पान, फोटोसकट. एल्स्पेट गेली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. त्या वयात मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं सूप ढवळत होते.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सोनेरी ढाल-तलवारीचं कुलचिन्ह आहे. असं चिन्ह कायद्याने एका माणसाला मिळतं, घराण्याला मिळत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गिल्बर्टमामालाही आहे. तरी छापलं. चाळीस वर्षं बँकेत मॅनेजर होता, त्यामुळे आपल्याला कोणी अडवेल असं त्याला वाटतच नाही.

हे सगळं मी खणायला घेतलं ते नेट्टामावशीसाठी. ती एकोणनव्वद वर्षांची आहे. मार्चमध्ये डॉक्टरांनी तिला सांगितलं की पुढचा हिवाळा धरून चालू नका. तिने डॉक्टरांचे आभार मानले, घरी आली आणि मला फोन केला.

“मेरन, मला फुलं नकोत, पार्टी नको. दगडावर आजीचं नाव पाहायचंय. तेवढं कर.”

बॅलनेर्डीच्या कब्रस्तानात आमचा लाल ग्रॅनाइटचा दगड आहे. त्यावर अलेक्झांडर आहे, त्याची बायको मार्गारेट आहे, दोन मुलगे आणि एक सून आहे, प्रत्येक बाईचं माहेरचं नाव नीट कोरलेलं. एल्स्पेट त्याच खड्ड्यात आहे. १९१८च्या तापाच्या साथीत तिला तिथे पुरलं. दगडावर तिचा पत्ता नाही.

घरातली गोष्ट अशी सांगत आले: एल्स्पेट एका वाडीवर स्वयंपाकघरात कामाला होती, तिथे तिला दिवस गेले, मूल झालं, आणि ती ते आईबापांच्या गळ्यात टाकून निघून गेली. अलेक्झांडरने मोठ्या मनाने ते आपलं मूल म्हणून वाढवलं. ते मूल म्हणजे माझे आजोबा, नेट्टामावशीचे वडील, डॉड. ‘मोठ्या मनाने’ हे गिल्बर्टमामाचे शब्द. डॉडला यातलं काही माहीत नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा जन्माचा दाखला काढायला गेला, तर नावाखाली लिहिलेलं ‘अनौरस’, आणि आईच्या रकान्यात बहिणीचं नाव. बहीण तर सात वर्षांपूर्वीच गेलेली. त्याची बायको, म्हणजे माझी आजी, सांगायची, स्वतःच्या लग्नाच्या जेवणात तो घासभरही जेवला नाही.

आता दगडावर अक्षर कोरायचं तर जागेचा कागद ज्याच्या नावावर, त्याची सही लागते. कागद गिल्बर्टमामाकडे. तो एल्स्पेटच्या भावाचा नातू. मी फोन केला.

“पोर टाकून गेलेल्या बाईचं नाव कशाला गं?” तो म्हणाला. “अलेक्झांडरआजोबांचीच तशी इच्छा होती.”

“टाकून गेली, हे कुठे लिहिलंय?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

सगळ्यांना माहीत आहे! दर बुधवारी मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून आलेल्या लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देते. त्यांना किल्ला हवा असतो, मी त्यांना गोठा काढून देते. बारा वर्षांत एक गोष्ट शिकले. सगळ्यांना माहीत असलेलं जे असतं, ते कोणीतरी सोयीने सांगितलेलं असतं.

मी आधी जन्माचं रजिस्टर काढलं. मे १८९३. मूल जॉर्ज, म्हणजेच आमचा डॉड. नोंद द्यायला कोण आलं होतं? बाप नाही, भाऊ नाही. सही एल्स्पेटची, बाळंतपणाला नऊ दिवस झालेले असताना. नोंदणी कचेरी वाडीपासून सहा मैलांवर होती. पोर टाकायचं असतं तर ती एवढं चालत कशाला गेली असती?

मग चर्चच्या पंचमंडळाचं इतिवृत्त काढलं. अविवाहित बाईला मूल झालं की तिला या पंचांसमोर उभं राहावं लागे. तोवर मुलाचा बाप्तिस्मा होत नसे. जून महिन्याचं पान सापडलं. अक्षर सुंदर होतं, मोत्याच्या दाण्यासारखं.

‘एल्स्पेट मेनी, मोलकरीण, वय एकोणीस, मंडळासमोर हजर झाली. पाप कबूल केलं. पुरुषाचं नाव विचारता गप्प राहिली. तिची कडक निर्भर्त्सना करण्यात आली.’ खाली मंडळाच्या चिटणिसाची सही: अलेक्झांडर मेनी.

मी ते तीनदा वाचलं. चिटणीस तिचा बाप होता. लेक समोर उभी, आणि हा बसून तिच्या बेअब्रूची नोंद करतोय, रेघा आखून. ‘माझी मुलगी’ नाही लिहिलं त्याने, ‘मोलकरीण’ लिहिलं. आणि तो पुरुष? तो कुठल्याच कागदात नाही. त्याला कोणी बोलावलंच नाही. माझं डोकं असं तापलं की शेजारच्या टेबलावरच्या टोरंटोच्या बाई विचारायला लागल्या, पाणी आणू का.

त्यानंतर १९०१ची जनगणना. अलेक्झांडर, वय अठ्ठावन्न, कुटुंबप्रमुख. मार्गारेट, सत्तावन्न. एल्स्पेट, सत्तावीस, मुलगी. जॉर्ज, आठ, मुलगा. म्हणजे एल्स्पेट कुठेही गेली नव्हती. त्याच घरात, त्याच छपराखाली, आपल्या पोराची बहीण म्हणून राहत होती. आणि लेकीला पाप कबूल करायला लावणाऱ्या पंचाने सरकारी माणसाला बिनदिक्कत सांगितलं की माझी बायको एकोणपन्नासाव्या वर्षी बाळंत झाली.

मावशीला मी हे सगळं वाचून दाखवलं.

“बाबा सांगायचे,” ती म्हणाली, “ते शाळेत असताना एल्स्पेटताई डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकाला लागली. दुपारी शाळेच्या फाटकाशी यायची. ओटची भाकरी आणि चीज द्यायची, आणि त्यांनी खाऊन संपवेपर्यंत हलायची नाही. बाबांना तिचा राग यायचा. पोरं हसायची ना.” मग तिने रुमाल काढला. “गाडी काढ. गिल्बर्टकडे जाऊ.”

“आज?”

“मग काय मला पुरल्यावर जाणारेस?”

गिल्बर्टमामाने चहा दिला, शॉर्टब्रेडची बिस्किटं दिली, ती स्वतः केल्याचंही सांगितलं. माझे कागद त्याने चष्मा लावून वाचले आणि नीट चळत करून परत दिले.

“तो काळच तसा होता, मेरन.”

“मामा, काळाने नाही लिहिलं ते. त्या माणसाने लिहिलंय.”

“बरं, नाही गेली टाकून. मान्य. म्हणजे बापाच्या घरात राहिली, बापाचं खाल्लं, बापाच्या जागेत पुरली. अजून काय हवं होतं तिला? आणि ‘अनौरस’ वगैरे दगडावर आणून सगळ्या गावाला कशाला दाखवायचं? मंडळाचा चिटणीस आता मी आहे, ताई. माझाही विचार कर.”

मी तोंड उघडलं होतं, मावशीने माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

“गिल्बर्ट, तुझं पुस्तक दे बघू.” तिने नवव्या पानावर बोट ठेवलं. “हे तूच लिहिलंस ना? ‘अलेक्झांडर १९०७ साली अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, वाचाही गेली.’”

“हो.”

“आणि मार्गारेट गेली १९०९ला. जुनं कब्रस्तान भरलं होतं, नव्यात जागा विकत घ्यावी लागली. वाचा गेलेला माणूस जागा घ्यायला गेला कसा?”

गिल्बर्टमामाने शॉर्टब्रेडची बशी पुढे सरकवली. “मुलांपैकी कोणीतरी गेलं असेल.”

“कोण?”

त्याला ठाऊक नव्हतं. अकरा पानं लिहिली, पण हे पाहावंसं त्याला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलला पत्र टाकलं आणि कब्रस्तानाच्या जागांच्या जुन्या रजिस्टरची प्रत मागवली. उत्तराला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मावशी दोनदा हॉस्पिटलात जाऊन आली आणि दोन्ही वेळा पहिला प्रश्न हाच: “कागद आला?”

कागद आला तो मंगळवारी. त्यात एकच ओळ. जागा क्रमांक, दिनांक ११ फेब्रुवारी १९०९, खरेदीदार: एल्स्पेट मेनी, स्वयंपाकीण.

ज्या बापाने तिला मोलकरीण लिहून ठेवलं, तो तिने विकत घेतलेल्या मातीत झोपलाय. त्याची बायको, दोन्ही मुलगे, सून, सगळे तिचे पाहुणे. आणि दगडावर नाव नाही ते फक्त मालकिणीचं! ती गेल्यावर जागा तिच्या मुलाला मिळायला हवी होती. पण अनौरस मुलाला तेव्हा आईचं काही मिळत नसे, कायदाच तसा. म्हणून कागद गेला भावाकडे आणि भावाकडून घरंगळत या बँक मॅनेजरकडे. आजही कायदा त्याच्याच बाजूने होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे तर अंगाचा अधिकच तिळपापड झाला.

या वेळी चहा नव्हता, आम्ही न कळवता गेलो होतो. मावशी धापा टाकत होती, तरी बसली नाही. गिल्बर्टमामाने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“गिल्बर्ट,” मावशी म्हणाली, “तिथे अजून एका माणसाची जागा शिल्लक आहे. ती तू स्वतःसाठी ठेवलीयेस, हे अख्ख्या बॅलनेर्डीला माहीत आहे.”

“ठेवलीय. मग?”

“मग काही नाही. खुशाल झोप. पण जिच्या घरी झोपायला जाणार, तिचं नाव दारावर नको म्हणतोस. चिटणीससाहेब, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?”

त्याने कागदाची नीट घडी घातली. एवढ्या वर्षांत त्याला कोणी अडवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

“‘अलेक्झांडरची मुलगी’ एवढं घालूया,” तो हळूच म्हणाला. “शोभून दिसेल.”

“अलेक्झांडरने पंचांच्या वहीत तिला मुलगी लिहिलं नाही. आपण कशाला लिहायचं?” मावशीने पर्समधून चिठ्ठी काढली. “हे कोरायचं. एक अक्षर कमी नाही.”

त्याने चिठ्ठी वाचली. “ताई, शेवटची ओळ… हे जरा जास्त होतंय.”

“खोटं आहे?”

“खोटं नाही, पण—”

“मग सही कर. मला बसायला हवंय, आणि तुझ्या घरात मी सहीशिवाय बसणार नाही.”

त्याने सही केली. पेन शोधायलाही उठला नाही, खिशातलंच काढलं. मावशी मग खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, आता टाक चहा.

ऑगस्टच्या शेवटी दगडाचं काम झालं. मी मावशीला चाकाच्या खुर्चीतून नेलं. गिल्बर्टमामा आमच्या आधीच येऊन उभा होता, काळा कोट घालून. दगडाच्या तळाशी, सगळ्यांच्या खाली, नवी पांढरी अक्षरं होती:

एल्स्पेट मेनी
जॉर्जची आई
ही जागा तिची

मावशीने खुर्चीतून वाकून प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं. गिल्बर्टमामाने घसा खाकरला.

“ताई, अक्षरं अलेक्झांडरआजोबांच्या अक्षरांपेक्षा मोठी आली आहेत. कारागिराचं काहीतरी चुकलंय.”

“नाही चुकलं,” नेट्टामावशी म्हणाली. “मीच सांगितलं होतं त्याला.”