उसनं माप

सन दोन हजार तेवीस, नवतपाच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला दुसरा दिवस, मे महिन्याची सव्वीस तारीख. कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी भरून मी मशीनवर बसलो, तेव्हा उत्तराबाई आल्या. राहणार धरमपेठ, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या नंदनवन वस्तीत माझ्याकडे बॅगा शिवायला लोक लांबून येतात, त्यात नवल नाही. बावन्न वर्षं हेच काम करतो.

बाईंनी पाठीवरच्या बॅगेचा फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, आणला होता, कॉम्प्युटरवरून काढलेला, कागदाला कागद चिकटवलेला.

"हा मोठ्या माणसाचा आहे, काका. माझ्या नूपुरच्या मापाने करून द्या. नऊ वर्षांची आहे."

"पोरीले आणा. पाठ मोजल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

"तिला आणता येत नाही." माझी नात गार्गी उंबऱ्यात बसून आंबा चोखत होती. तिच्याकडे बघून बाई म्हणाल्या, "हिच्याएवढीच आहे. हिचंच घ्या."

माझे उस्ताद नत्थूजी सांगायचे की एकाचं अंग मोजून दुसऱ्यासाठी शिवलं तर ते माप उसनं असतं; उरलेल्या कापडातून आधी त्या अंगासाठी काहीतरी शिवायचं, हातात द्यायचं, मगच माल गिऱ्हाइकाला. मी ते म्हाताऱ्याचं खूळ समजत आलो. गार्गीची पाठ मानेपासून कमरेपर्यंत साडेतेरा इंच भरली. फर्म्याची पाठ तेवढीच ठेवून बाकी दुमडली, पट्टे आत घेतले, निळं कॅनव्हास कापलं. बॅग चांगली झाली. उरलेले तुकडे बाईंनी मागितले. दिले.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. "डावा पट्टा एक बोट कमी करा. तिचा खांदा उतरलाय."

केला. त्याच संध्याकाळी गार्गीचा फ्रॉक डाव्या खांद्यावरून घसरू लागला.

"हे काहून उतरून राह्यलं?" सुभद्रेनं, माझ्या बायकोनं विचारलं. "साऱ्या गावाचे खांदे मोजता, घरच्या पोरीचा दिसत नाही का तुम्हाले?"

मी टेप लावली. डावा खांदा एक बोट खाली होता. डॉक्टरनं फोटो काढला, म्हणाला हाडात काही नाही.

निम्मा जून सरला तेव्हा बाई तिसऱ्यांदा आल्या. "पाठ एक इंच कमी करा."

"नाही करत."

त्या रागावल्या नाहीत. बॅग उचलली. "मग दुसरीकडून करून घेते. इतवारीच्या बाजारात कोणीही करेल."

खरं होतं. कोणीही केलं असतं. कात्री परक्या हातात जाण्यापेक्षा माझ्या हातात बरी, म्हणून मी बॅग धरून ठेवली आणि विचारलं, "ते उरलेले तुकडे आहेत का?"

"संपले. तिच्यासाठी वापरले."

"पोरगी नऊ वर्षांची कधीपासून आहे, बाई?"

त्यांनी बॅगेवरचा हात काढला. "उद्या येते," म्हणाल्या.

मी बॅगेची पाठ पूर्ण उसवली. पट्टा पहिला होता तेवढा केला. सुभद्रेच्या हातात टेप दिली आणि सदरा काढून तिच्यासमोर पाठ केली. तिनं टेपचं टोक माझ्या मानेवर धरलं आणि कमरेपर्यंत मोजलं. एकोणीस इंच. त्या मापानं नवी पाठ कापली आणि चुण्या घालून बॅगेत बसवली; बाहेरून बॅग तेवढीच दिसली. जुन्या पाठीच्या निळ्या कापडाची छोटी पिशवी शिवली आणि गार्गीच्या हातात दिली.

"कायले, आबा?"

"ठेव. तुझी आहे."

मग बाईंना बॅग दिली. त्यांनी बॅगेच्या पाठीवरून हात फिरवला, चुण्या मोजल्यासारखा.

"चालेल," म्हणाल्या. "ही पुष्कळ दिवस पुरेल."

गार्गीचा फ्रॉक आता नीट बसतो. खांदे सरळ आहेत. पिशवीत ती गोट्या ठेवते.

त्यानंतर बाई चारदा आल्या. दर वेळी एक इंच. मी बॅग घेतो, उसवतो, पाठीतून एक इंच काढतो आणि परत देतो. हात पोचावेत म्हणून मशीनवर बसताना मला हल्ली खाली दोन उश्या लागतात. सुभद्रा त्या न विचारता आणून ठेवते.

गार्गीचं उसनं फिटलं.